फौज सोडलेल्या माणसाचे वकीलपत्र

अ‍ॅड. इंदुमती रोकडे यांची आणि माझी पहिली भेट कर्जतच्या कोर्टाच्या जिन्यात झाली. मी पोशीरच्या भातशेतकऱ्याचा मुलगा, नवी सनद घेतलेला. आयुष्यातली पहिली तारीख होती आणि मी वर जाण्याऐवजी खाली उतरत होतो. बाई वर चढत होत्या. त्यांनी माझ्या काळ्या कोटाकडे पाहून विचारले, "कोर्ट वर आहे. तुम्ही कुठे निघालात?" पोटात दुखते, असे मी सांगितले. "तारखेच्या दिवशी दुखायचंच," त्या म्हणाल्या, "चला." आज सव्वीस वर्षे मी त्यांच्या मागून चढतो आहे आणि माझे पोट अजून दुखते.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात फौज सोडून आलेल्या एका परदेशी माणसाच्या खटल्याविषयी लिहू नये, निकाल अजून बाकी आहे, असे समितीतल्या काहींचे मत पडले तेव्हा मला हायसे वाटले होते. बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "तो वगळणार असाल तर माझ्यावर लिहूच नका." म्हणून लिहितो. त्या माणसाचे खरे नाव आणि त्याचा देश मात्र सांगत नाही. ही बाईंची अट आहे आणि खरे म्हणजे माझीही.

बाईंचे काम बहुतेक जमिनीचे. बांध, वहिवाट, वारसांची भांडणे. नेरळच्या बाजूला इमारती उठू लागल्यापासून भाऊ भावाला ओळखेनासा झाला, तसे त्यांचे काम वाढले. बौद्धवाडीतल्या एका खोलीत कंदिलावर शिकलेल्या या बाईंनी घाई कधी केली नाही. त्यांची एक पद्धत होती. तारखेच्या आदल्या दुपारी अशिलाला समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचे, दार लोटायचे आणि मी विरुद्ध बाजूचा वकील व्हायचे. नुसते मुद्दे वाचलेले त्यांना चालत नसे, जीव तोडून बोलावे लागे. एका बांधाच्या वादात मी इतका रंगलो की समोरच्याचेच बरोबर आहे, असे बाईंना पटले आणि त्यांनी आमच्या अशिलाला तडजोड करायला लावली. तो अशील वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

माझा भित्रेपणा त्यांनी कधी चारचौघांत उघडा पाडला नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा बाई संध्याकाळी दवाखान्यात येत आणि त्यांना कोर्टातल्या गोष्टी सांगत. त्या गोष्टींत मी न्यायाधीशांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत असे. वडील गेले ते आपला मुलगा वाघ आहे, या समजुतीत. ते ऋण माझ्याच्याने फिटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी खालापूरकडच्या एका रोपवाटिकेत काम करणारा पस्तिशीचा परदेशी माणूस कागदपत्रे नाहीत म्हणून पकडला गेला. तिथल्या बायकांना त्याचे नाव जमेना, म्हणून त्यांनी त्याला शंकर करून टाकले होते. तो स्वतःच्या देशाच्या फौजेत ट्रक चालवत होता. एका गावाला सैनिक घेऊन जायचा हुकूम आला, तो गेला, आणि त्या सैनिकांनी घरांना आगी लावल्या. आठवड्याने दुसऱ्या गावाचा हुकूम आला. त्याने किल्ली ट्रकलाच ठेवली आणि चालत सुटला. तिकडे फौज सोडणाऱ्याला गोळी घालतात. आश्रय मागणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, त्यामुळे सरकारच्या लेखी तो फक्त बिनकागदाचा परदेशी होता.

कोणी वकील मिळेना तेव्हा बाईंनी वकीलपत्र घेतले. जामीन मिळाला, दर बुधवारी पोलीस ठाण्यात हजेरी लागली, आणि त्याला परत पाठवण्याला उच्च न्यायालयाने तूर्त मनाई केली. राहायला जागा नव्हती म्हणून बाईंनी त्याला ऑफिसमागची खोली दिली. मी धसका घेतला. रस्त्यावर जीप थांबली की मी खिडकी लोटून घ्यायचो. हा हेर निघाला तर? माझी सनद गेली तर? पोशीरहून नातेवाईक फोन करून विचारत, कोन मानूस ठेवलाय रं तुमी? मी विषय बदलायचो.

मुंबईच्या उच्च न्यायालयातली तारीख गुरुवारी होती आणि बुधवारी हजेरी, म्हणून मंगळवारी दुपारीच बाईंनी मला सरकारची बाजू मांडायला सांगितले. शंकर आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलत असे. त्याला मराठी कळत नाही, असे आम्ही गृहीत धरले आणि त्याला चहाला पाठवले नाही. तो कोपऱ्यात बसून फायलींना दोरे बांधत होता.

त्या दिवशी मला सोंग आणावे लागले नाही. मी म्हणालो, आज एकाला ठेवला तर उद्या शंभर येतील, आणि कोण जीव वाचवायला आला, कोण हेरगिरीला, हे कसे ओळखणार? शेजारी देशाशी वैर घ्यायचे ते परक्याच्या पळपुट्यासाठी? माझा थोरला भाऊ सैन्यात हवालदार होता, बर्फात उभा राहिला, जागा सोडली नाही. आपल्या फौजेतून पळणाऱ्याला आपण भगोडा म्हणतो, मग दुसऱ्याच्या भगोड्याला पाहुणा कसे म्हणायचे? आणि शेवटी म्हणालो, पहिल्या गावाला ट्रक यानेच नेला. जळलेल्या घरांत याचाही हात आहे. अशाला आश्रय देणारा देश त्या आगीत भागीदार होतो.

बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "आज तुम्ही मनातलं बोललात. याचं उत्तर उद्या देते."

बुधवारी सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणाची घडी, त्यावर बाईंनी दिलेल्या शर्टाची घडी. संध्याकाळपर्यंत हजेरी लागली नाही तर जामीन रद्द, आणि तो फरार ठरला तर दुसऱ्या दिवशी मनाई टिकणे कठीण. बाईंचे गुडघे धड नव्हते, तरी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही खालापूरची रोपवाटिका गाठली. तो तिथे आलाच नव्हता. इथवर यायला रस्ता तरी त्याने कोणत्या भाषेत विचारला असता, असे मी सहज म्हणालो. कलमे बांधणारी एक बाई हसली. "कोनत्या म्हंजे? आमच्यावानीच बोलतो की तो. दोन वरसं आमच्यातच व्हता."

 त्याला आदल्या दुपारचा शब्दन् शब्द समजला होता. एक माणूस माझ्या बोलण्याने मरायला निघून गेला, एवढेच माझ्या डोक्यात राहिले. मी स्टेशनवर शोधू म्हणालो. बाई म्हणाल्या, "तो लपणार नाही. पोलीस ठाण्यात चला." वाटेत त्या मला दोनदा "लवकर" म्हणाल्या. बाईंना घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तो ठाण्यातल्या बाकावर बसला होता. ठाणे अंमलदार आम्हाला पाहून उठले. "बाई, हा सकाळपासून म्हनतोय, जबाब घ्या, मला परत जायचंय. मी अजून लिवलं नाय. एकदा लिवलं की माज्या हातात काय नाय."

शंकर माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "साहेब बोलला ते खरं हाय. ट्रक मीच नेला. मला धाडा."

 बाई त्याच्या शेजारी बसल्या.

"काल तुम्ही एकच बाजू ऐकलीत," त्या म्हणाल्या. "एका बाजूवर कुठलंच कोर्ट निकाल देत नाही. पहिल्या गावाचा जाब तुम्हाला द्यावा लागेल, त्यातून मी तुम्हाला सोडवणार नाही. पण तो जाब विचारायचा हक्क ज्यांची घरं जळली त्यांचा आहे. ज्यांनी जाळायला लावली, ते तुम्हाला गोळी घालतील ती पहिल्या गावासाठी नाही, दुसऱ्या गावाला गेला नाहीत म्हणून. त्या कामाला माझ्या देशाने हात लावू नये, एवढंच मी कोर्टाला सांगणार आहे. फौज सोडून येणाऱ्या प्रत्येकाला ठेवून घ्या असं मी म्हणत नाही. का सोडली ते नीट विचारा, आणि विचारून होईपर्यंत त्याला ढकलू नका."

 शंकरने हजेरीचे रजिस्टर मागितले आणि सही केली. जबाब लिहिला गेला नाही. गुरुवारी मनाई कायम राहिली.

त्या आठवड्यात मी माझ्या भावाला फोन केला आणि विचारले, तुला तसा हुकूम आला असता तर? तो रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, "मला तसा हुकूम कदी आला नाय, ह्ये माजं नशीब. त्याच्यावर मी कशाला बोलू?"

शंकर अजून बुधवारी हजेरी लावतो. मला अजून त्याची भीती वाटते, आता त्याच्यामुळे नव्हे, त्याच्यासाठी. मुंबईची शेवटची सुनावणी जवळ आली आहे. त्या दिवशी तो राहील किंवा जाईल. मागच्या महिन्यात बाईंनी ती फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "या वेळी तुम्ही बोलायचं. मला एकच बाजू मनापासून माहीत आहे, तुम्हाला दोन्ही."

आपण सगळे बाईंना निरोगी शंभर वर्षे चिंतण्यासाठी या ग्रंथात जमलो आहोत, त्यात माझाही स्वर आहे. पण बाई, माझे मागणे त्याहून लहान आणि स्वार्थी आहे. सुनावणीच्या दिवशी ठणठणीत असा आणि मागच्या बाकावर बसा. मी मध्येच थांबलो तर काही बोलू नका, नुसत्या दिसत राहा. एका माणसाचा जीव माझ्या तोंडून एकदा जाता जाता राहिला आहे, आणि आता तो माझ्याच तोंडून वाचवायचा आहे.