बाजाराच्या सकाळचं मीठ

एका चैत्रात मी पाच जत्रांमधून पळाले. हे सांगितलं की सुना हसतात. म्हणतात, "आत्याबाई, तुमाला परसापर्यंत जायाला काठी लागती, आन् पळताय कुटं!" लागते की काठी. पण तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि दोन कोस पळूनसुद्धा मला धाप लागत नव्हती.

आम्ही मेंढरंवाले. सोलापूरच्या बाहेर माळावर आमची पालं असायची. वारा आमच्या बाजूचा असला की गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. चैत्रात गावोगावच्या जत्रा एकामागून एक यायच्या, आणि जत्रेत पळायची शर्यत ठरलेली. देवळापासून शिवेवरच्या दगडापर्यंत जायचं आणि परत यायचं. पळणारी सगळी गडीमाणसं.

पहिल्या जत्रेत मी पळणारच नव्हते बघा. देवळामागं मेंढरं चारत उभी होते. पळणारे सुटले, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, लुगडं खोचून मीही त्यांच्यात घुसले. दगडाला वळून परत आल्यावर देवळाच्या पायरीला पहिला हात माझा लागला. लोक बघतच राहिले. कुणी म्हणालं, "बाईमानूस पळतं व्हय?" तर पुजारी म्हणाला, "देवाच्या म्होरं पळनाऱ्याला बाई-बाप्या काय इचारायचं?" झालं, माझ्या हातात नारळ आला.

माझा बा तर हवेत होता. एरवी शब्द मोजून बोलणारा माणूस, त्या आनंदात त्यानं देवापुढचा भंडारा मुठीत उचलला आणि सगळ्यांदेखत बोलला, "जवर ही हरत न्हाय, तवर हिला नांदायला धाडनार न्हाय!"

आयनं तोंडावर हात मारला. "आवं, काय बोललासा ह्ये! येवायाला काय सांगायचं आता?"

कारण माझं लग्न कधीच लागलं होतं. चैत्र सरल्यावर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला सासरी पोचवायचं ठरलेलं होतं. नवरा मी एकदाच पाहिलेला, हळद लागलेला, आणि तोही अंतरपाटाआडून, अर्धाच. सासर वाईट होतं असं नाही, पण मला जायचंच नव्हतं. आणि आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. जीव गेला तरी नाही. म्हणजे मी जिंकत राहिले की माझी सुटका होती.

मग काय, दर आठ दिवसाला पळाले, कधी चौथ्याच दिवशी. मधल्या दिवसांत मेंढरांमागं चालणं होतंच. अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली. टाचांच्या भेगांत आय हळद-तेल कढवून भरायची आणि बाला ऐकू जाईल असं बडबडायची. एक गिरणीवाला उंच गडी दर खेपेला माझ्या मागं दुसरा यायचा. चौथ्या जत्रेत तो मला म्हणाला, "मेंढके, एकांदी तरी जत्रा सोड की गं. माझी बायकू घरात घीना झालीया!" मी खदखदून हसले. मला वाटत होतं, आता मला कुणी नेत नाही.

चौथ्या जत्रेनंतर सासरा आला. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं. "सून नांदायला येनार, का जत्रा करत हिंडनार? आखितीला आली न्हाय, तर मी पोराला दुसरी करतो." एवढं बोलून उठून गेला. दुसरी केली म्हणजे मी टाकलेली. ते मला कळलं नव्हतं असं नाही, पण तेव्हा मला ते बरंच वाटलं. बाच्या तोंडाकडं मी बघितलंच नाही.

पाचवी जत्रा मोडनिंबाकडची. त्या सकाळी बानं स्वतः मला वाढलं. जन्मात पहिल्यांदा! भाकरी आणि लसणाची चटणी.

"बा, लई खारट हाय की."

"खा गप. अंगात ताकद येती."

मग तांब्या धरून बसला. मी एक तांब्या प्याले, दुसरा प्याले, तरी तहान जाईना. "पी, आजून पी. ऊन लई हाय," म्हणत राहिला.

आरती झाल्या झाल्या आम्ही सुटलो. शिवेचा दगड दिसायला लागला आणि माझ्या पोटातून आवाज आला. खळ्ळ, खळ्ळ. पळताना प्रत्येक पावलाला.

तो आवाज मी ओळखत होते हो! मेंढरं विकायला न्यायची असली की त्या सकाळी आम्ही त्यांना मीठ चाटवायचो. मग ती मरणाचं पाणी पितात, पोटं भरतात, गिऱ्हाइकाला अंगानं भरलेली दिसतात. बाजाराच्या वाटेवर त्यांच्या पोटातून अस्साच आवाज येतो. आणि मीठ चाटवायचं काम माझं असायचं. माझ्या या हातांनी.

मी जागच्या जागी थांबले. पळता आलं नसतं असं नाही, ओकून पळाले असते. पण माझ्या बानं? मला?

गिरणीवाला दगडाला वळून परत आला, मला बघून थबकला. "काय झालं गं? पाय मोडला का?" मी हातानंच त्याला पुढं जा म्हणून खुणावलं. तो दोनदा मागं बघत बघत गेला आणि जिंकला.

मी चालत देवळापाशी आले. बा देवाकडं तोंड करून उभा होता. "तुजी पोरगी हरली रं," कुणीतरी ओरडलं. त्यानं मान वळवली नाही.

आखितीच्या आदल्या दिवशी तोच मला पोचवायला निघाला. ओढ्यापाशी मी विचारलं, "बा, मीठ किती घातलं हुतं?"

नाही म्हणाला नाही. म्हणाला, "मूठभर."

"मला इकायची हुती व्हय?"

तो वाटेतच खाली बसला. धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "शबुद मोडता येत न्हवता, पोरी. आन् तू आपसूक कवाच हरली नसतीस."

एवढं वय झालं, पण ते वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही. माझ्या पायांवर माझ्यापेक्षा त्याचा जास्त भरवसा होता, आणि म्हणून त्यानं मला मीठ चारलं. त्यानंतर भंडारा हातात घेऊन तो कधी एक शब्द बोलला नाही, असं आय सांगायची.

ओढ्यापलीकडं उतार होता आणि उताराखाली सासरचं गाव. पळत गेले असते तर बाच्या आधी पोचले असते. मी त्याच्या मागं मागं चालत गेले.