शेपटीवाला ठिपका

त्या वर्षी मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. आठवडाभर बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात लोकांचे मोतीबिंदू काढायचे आणि शनिवारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात हरणं मारायला जायचं. हरणं त्याची कोवळी झाडं फस्त करायची. त्याची अट एकच होती, "डॉक्टर, एका गोळीत. जखमी सोडायचं नाही." आणि मागच्याच महिन्यात मी एक जखमी सोडलं होतं. दोन तास आम्ही रक्ताचा माग काढत फिरलो, हरीण काही सापडलं नाही. म्हातारा पाठ फिरवून घरी गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खापर मी रायफलवरच्या दुर्बिणीवर फोडलं आणि तिच्या जागी नेम धरायला रेड डॉट साइट बसवला. त्यात काही मोठं दिसत नाही. काचेत एक लाल ठिपका असतो, तो हरणाच्या खांद्यामागे आला की चाप ओढायचा. दाट झाडीत, जवळच्या हरणाला हेच बरं. पण माझ्या ठिपक्याला शेपटी होती. फिसकटलेल्या कुंकवासारखा तो एका बाजूला पसरायचा. उजेड कमी करून पाहिला, तरी तेच. बदलून आणला, तर दुसऱ्यालाही शेपटी!

तिसऱ्यांदा भांडायला गेलो तेव्हा दुकानदाराने डिजिटल कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला आणि मला दाखवला. ठिपका चांगला गोल गरगरीत होता.

"साइट ठीक आहे, सर. डोळे कधी तपासले होते?"

मला रागच आला. डोळे मी दर महिन्याला तपासत होतो. क्लिनिक संपलं की रिकाम्या खोलीत, एकेक डोळा झाकून, भिंतीवरचा तक्ता पार शेवटच्या ओळीपर्यंत. एक अक्षर चुकत नव्हतं.

तरी सोमवारी, ऑपरेशनं सुरू व्हायच्या आधी, माझ्या हाताखालच्या नागपूरच्या डॉक्टरणीला म्हटलं, "जरा माझा उजवा डोळा बघ."

डावा झाकून मी सगळा तक्ता घडाघडा म्हटला. ती हसली. "सर, हा चार्ट तुम्हाला पाठ आहे. थांबा, दुसरा लावते."

वीस वर्षं त्याच खोलीत, त्याच तक्त्यासमोर पेशंट बसवत होतो मी. दुसऱ्या तक्त्यावर चौथ्या ओळीत अडकलो. तिने दिवा लावून डोळ्यात पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सर, मोतीबिंदू आहे. बऱ्यापैकी."

बाहेर सहा पेशंट गाऊन घालून बसले होते. मला भयंकर लाज वाटली.

"आजची लिस्ट कॅन्सल करू?"

"कर," मी म्हटलं. "आणि गेल्या वर्षभराच्या माझ्या ऑपरेशनच्या सगळ्या फाइली काढ. प्रत्येकाला परत बोलवायचं. जखमी सोडायचं नाही."