रेषा नसलेला अंगठा

"तुमच्या वस्तीत हात धुवायची पद्धत न्हाय काय?"

मालकांचा पुतण्या माझ्या हाताकडं बघून म्हणाला. सकाळची वेळ. आजऱ्याजवळच्या काजूच्या कारखान्याच्या दारात आम्हा बायकांची रांग. आमचे काजूगर परदेशात जातात. माल घेणाऱ्या कंपनीनं म्हणे सांगितलं होतं, बायकांना जादा वेळ राबवत नाही ह्याचा पुरावा दाखवा. म्हणून भिंतीवर मशीन आलं. अंगठा ठेवायचा, ते हजेरी घेणार. म्हणजे आमच्याच भल्यासाठी.

माझा अंगठा त्याला कळेना. मशीनमधल्या बाईचा आवाज म्हणाला, "प्लीज ट्राय अगेन." पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मागच्या पोरी हसल्या. तेव्हा पुतण्यानं वस्ती काढली. आम्ही बौद्ध, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत. वस्ती म्हणजे कुठली, हे रांगेत कुणाला विचारावं लागलं नाही.

लाज वाटली. लाज त्याला वाटायला हवी होती, वाटली मला. नळावर जाऊन हात धुतले.

काजूच्या टरफलात तेल असतं. कातडी जाळणारं. कटिंगला, म्हणजे टरफल फोडायला बसलं की ते बोटांना लागतंच. हातमोजे एकदा दिले होते. फाटले, पुन्हा आले नाहीत. मग हाताला राख चोळून बसायचं. बोटं काळी पडतात, सोलतात, नवी कातडी येते ती गुळगुळीत. एस.टी.त कंडक्टरला पैसे देताना मी मूठ उघडत नाही. भावाच्या लग्नातल्या फोटोत माझे हात पदराखाली आहेत.

त्या संध्याकाळी धुण्याच्या दगडावर अंगठा घासला. लिंबू लावलं. रक्त आलं तरी घासत होते. पोरीनं विचारलं, "आई, काय लागलंय हाताला?" म्हटलं, कायतरी चिकटलंय.

वडिलांनी मला दहावीपर्यंत शिकवलं. त्यांचा हट्ट एकच, आपल्या घरात ह्यापुढं कुणी अंगठा उठवायचा नाही, सही करायची. आणि मी त्यांची लेक, रोज सकाळी एका डब्यापुढं अंगठा धरून गयावया करत होते.

मशीन बघायला कोल्हापूरहून माणूस आला. त्यानं माझं बोट उजेडात धरलं. "मशीन चांगलं हाय, साहेब. ह्यांच्या बोटावर रेषाच न्हाईत."

पुतण्या मला म्हणाला, "मग तू आलीस का न्हाईस, आम्ही वळखायचं कसं?"

मी त्याच्यासमोर उभी होते.

मी रोज कामावर जात राहिले. मजुरी रोख हातावर मिळायची, हजेरीत मात्र मी नव्हतेच. आणि तरीही मला वाटायचं, चूक माझ्या हाताची आहे.

मग माल घेणाऱ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला आली. पुतण्या म्हणाला, "तू टरफलाच्या खोलीत बस. पुढं दिसू नको." मी निमूट गेले. आत आधीच चौघी बसल्या होत्या. सगळ्या कटिंगच्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. माझ्या शेजारी शेवंता आक्का, वयानं सगळ्यांत मोठी. मी विचारलं, तुम्ही इथं कशा?

"माझाबी अंगठा घेत न्हाय ते. मला म्हणला, वय झालं तुझं. तुला काय म्हणला?"

"वस्तीत हात धूत न्हाईत म्हणला."

आक्का मराठ्यांची. तिनं आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. दोन्ही काळे, गुळगुळीत, एकाच आईच्या पोटचे असावेत तसे. प्रत्येकीला वेगळं कारण सांगून एकाच खोलीत कोंडलं होतं. त्या संध्याकाळी मी दगडावर त्याचं बोलणं घासत होते, ते तेव्हा कळलं.

मी उठले. आक्का म्हणाली, "बस की गं. घालवतील."

"घालवू देत."

पाहुण्यांच्या समोर जाऊन मशीनवर अंगठा ठेवला. "प्लीज ट्राय अगेन." पुन्हा ठेवला. पुन्हा ठेवला. त्यांच्यातल्या बाईनं विचारलं, ही कोण? पुतण्या म्हणाला, नवीन आहे.

"नवीन न्हाय. तेलानं रेषा गेल्यात. मागच्या खोलीत अजून चौघी हायत, त्यांचं अंगठं बघा."

बाईनं माझ्या हाताचा फोटो काढला. टरफलाच्या खोलीकडं कुणी गेलं नाही. चहा झाला, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं. पुतण्या म्हणाला, "तू आमच्याकडं कामाला हुतीस कशावरनं? हजेरीत तर न्हाईस."

उद्या मी कोल्हापूरला कामगार ऑफिसात जाणार आहे. तक्रार माझ्या हातानं लिहिली आहे, खाली माझी सही आहे. आक्का येते म्हणाली. आली तर बरं, नाही आली तरी जाणार. तिथले साहेबही विचारतील, कामावर होतीस ह्याला पुरावा काय. मी दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे, तळवे वर करून. ते नीट बघेपर्यंत उचलणार नाही.