हौसामावशींचा डावा डोळा

हौसामावशींनी डावा डोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"धर. नीट रंगव."

डोळा कोमट होता.

भाजे गावच्या शाळेत आमच्या कॉलेजचं एनएसएसचं शिबिर चालू होतं. मी सेकंड इयरला होते. तोवर वक्तृत्वात ततपप केलं होतं, एनसीसीच्या परेडमध्ये चक्कर येऊन पडले होते आणि नाटकात संवाद विसरल्यामुळे माझी रवानगी मेकअपला झाली होती. तिथे मात्र जखमा, सुरकुत्या झकास रंगवायची, म्हणून स्वतःला मोठी कलाकार समजत होते. शिबिराला आले ती लोणावळ्याच्या घरातून आठ दिवस सुटका म्हणून. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं.

शिबिरात पुण्याहून कृत्रिम डोळे बसवणारे एक सर आले होते. हा डोळा गोटीसारखा गोल नसतो. अ‍ॅक्रिलिकची पातळ वाटी असते, पापण्यांमागे बसते. तयार मिळणारे डोळे साधारण एकाच छापाचे. भात कापताना पातं लागून मावशींचा डोळा गेला, तेव्हा त्यांना तसलाच बसवला होता. तो सारखा वटारल्यासारखा दिसायचा. सरांकडे डोळे रंगवायला असलेली मुलगी तापामुळे आली नव्हती.

"तुमच्यात रंगकाम कुणाला येतं?" सरांनी विचारलं. अख्ख्या कंपूने माझ्याकडे बोट दाखवलं.

सरांनी जुन्या डोळ्याचा वरचा थर घासून दिला. त्यावर मी रंगवायचं. मग वर पारदर्शक थर द्यायचा आणि पाण्यात उकळून पक्का करायचा.

"मावशींकडे बघून रंगव," एवढंच ते म्हणाले.

मावशी समोर येऊन बसल्या. "सून उद्या म्हायेरी निघालीया, नातीला घिऊन. पोरगी मला बगितलं की रडती. दीड वर्साची झाली, एकदा बी मांडीवर आली न्हाई. जायच्या आत येकडाव तरी येऊ दे."

मी "हो हो" म्हटलं. लक्ष ब्रशात. पांढराशुभ्र डोळा, काळंभोर बुबुळ, मधोमध चमक. नाटकातल्या राणीला शोभला असता.

संध्याकाळी मावशींनी तो बसवला आणि आरशात बघत राहिल्या.

"ह्यो कुणाचा डोळा हाय?"

"तुमचाच, मावशी."

"माजा? हितं तर नवी नवरी बसलीया."

सर हसले नाहीत. "सुंदर काढलायस. सुंदर मागितला कोणी होता? त्यांच्या उजव्या डोळ्याकडे एकदा तरी बघितलंस?"

नव्हतं बघितलं. दुपारभर समोर बसलेल्या बाईकडे मी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं आणि हबकलेच. पांढरं मुळी पांढरं नव्हतंच. पिवळट होतं, कोपऱ्यात लाल शिरा होत्या. बुबुळ तपकिरी, त्याच्या कडेने राखाडी कडं. एकोणीस वर्षं मी माणसांच्या तोंडाकडे बघत होते, आणि डोळा कसा असतो ते मला माहीत नव्हतं.

"शिरा कशा काढू? एवढा बारीक ब्रश नाही."

"शिरा काढत नाहीत, लावतात. लाल रेशीम लागेल. माझं संपलंय."

मावशी उठल्या, घरी गेल्या आणि ठेवणीतल्या चोळीचा रेशमी काठ उसवून घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळा पुन्हा घासला, पिवळट-तपकिरी रंगवला, सुईने त्या धाग्याचे तंतू सुटे केले आणि एकेक चिकटवला. दर तंतूला मान वर, मावशींकडे नजर. डोळा शिबिराच्या चहाच्या पातेल्यात उकळला. चहाला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

दुपारी सून निरोप घ्यायला शाळेत आली, पोरगी कडेवर. मावशींनी हात पुढे केले. पोरीने तोंड वाकडं केलं. मी भिंतीकडे वळले.

रडणं काही ऐकू येईना. वळून बघते तर पोरगी मांडीवर, आणि नव्या डोळ्यावर बोटाने टकटक करतेय. मावशी तशाच बसून.

"मार. ह्यो न्हाई दुकत," त्या म्हणाल्या.

पोरगी रडली, पण आईने परत घ्यायला हात पुढे केला तेव्हा.

डोळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी फुगून बसले. सर म्हणाले, "डोळ्याचं कौतुक झालं, तर समजायचं काम फसलं. पुण्याला येतेस का शिकायला?"

गेले. घरी आठवडाभर कुणी जेवणाच्या वेळी माझ्याशी बोललं नाही. तेव्हापासून डोळेच करतेय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिला डोळा पांढराशुभ्रच रंगवतात. मी छान म्हणते आणि घासायला देते.