माळावरच्या मसनवाट्यात नाना

नाना बरोबर टायमाला मेले.

असं लिहिलं म्हणून शिव्या घालू नका. त्यांचं तसंच ठरलेलं होतं. आमच्या वस्तीत कुणालाबी इचारा.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो.

धम्माची दीक्षा घेतल्यावर गावानं आमच्या लोकांचं पाणी बंद केलं. तवा काही घरं सामान डोक्यावर घेऊन ह्या माळावर आली. विहीर खांदली. वस्ती बसवली.
ती पहिली माणसं विहिरीच्या वरल्या अंगाला पुरलेली हायत. नुसते दगड. नाव न्हाई, काई न्हाई. लिहिता कुणाला येत होतं?

नाना दरसाली त्या दगडांना चुना लावायचे. चुना कालवायला मी.
"हा माझा बाप. ही तुझ्या आज्याची माय. हिला नीट लाव, लई खवट बाई होती."

मंग रस्त्याच्या कडंला पत्र्याचं शेड झालं. लोकं मढी तिथंच जाळायला लागली. माळावर पुरायचं बंदच पडलं.

औंदा पाऊस न्हाई. गावच्या दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी टाकली. त्याला आमी कुणी न्हाई म्हणलो न्हाई. मुकं जनावर कुठं जाईल?

पण मागल्या महिन्यात सेक्रेटरी म्हणला, छावणी उठली की इथं चाऱ्याचं गोडाऊन बांधायचं. पक्कं.

नाना म्हणले, "आरं पण हितं माणसं हायत आमची."

"नाना, हितं शेवटचं मढं कधी पुरलं? तुमालाच आठवत न्हाई. मंग ह्यो मसनवाटा कसा? माळ हाय ह्यो."

"थांब की जरा. मी काय अमरपट्टा घेऊन आलोय का?"

सगळे हसले. सेक्रेटरीबी हसला.


त्या दिवसापासून नानांना एकच धास्ती. मरण भलतीकडं यायला नको.
पुण्याला कंपनीत असलेला त्यांचा पोरगा फोन करायचा, "नाना, पाणी न्हाई तिकडं, इकडं या."
न्हाई गेले. दुखणं वाढलं, बीडला दवाखान्यात अॅडमिट व्हा म्हणलं तर तेबी न्हाई.
"पुण्यात मेलो तर बटन दाबून जाळतेत. मला माळावरच पुरा. मी आत गेलो की मसनवाटा चालू."

मी रोज सकाळी त्यांच्या दारातून आवाज द्यायचो,
"नाना, हाय का गेला?"
"आज न्हाई बे. आज टँकरचा वार हाय."

काल आवाज दिला. उत्तर न्हाई.
मला वाटलं माझीच फिरकी घेतेत. आधीबी घेतलती. मी आत जाऊन म्हणलो, "नाना, नाटक बास."

पाय गार होते.

मंग रडायलाबी टाईम न्हाई. पोरगा पुण्यावरून निघालेला. सोसायटीच्या लोकांना कळायच्या आत खड्डा व्हायला पायजे. आन् जमीन अशी, की पहार मारली का परत उडून अंगावर येती. नुसता मुरूम. तासभर मारून गुडघ्याएवढाबी खड्डा न्हाई.  सारखं रस्त्याकडं बघत होतो.

छावणीतला एक माणूस, वरल्या गावचा, आमच्या ना नात्याचा ना जातीचा, आपल्या बैलांपुढली पाण्याची बादली उचलून आला आन् खड्ड्यात वतली.
म्हणला, "भिजू दे जरा. मंग निघंल."
त्याचे बैल त्याच्याकडं बघत होते.
त्याच्या मागं दुसरा आला. बाकीच्यांनी दगडांमधली जनावरं सोडून बाजूला नेली. कुणी सांगितलं नव्हतं.

पोरगा पोचला. नानांना आणलं. त्रिसरण, पंचशील झालं. खाली ठेवलं.

आन् तेवढ्यात सेक्रेटरीची गाडी.

"ए, थांबवा हे! शेड कशाला बांधलंय मंग?"

 मी, वस्तीतला सगळ्यात वाचाळ, नुसता खड्ड्याच्या आडवा उभा राहिलो.

कोंडाआत्या, नानांची बहीण, बसल्या जागेवरून म्हणली,
"आलास का बाबा? चप्पल काढ."

त्यानं काढली. का काढली त्यालाच म्हाईत.

"मूठमाती दे. मंग बोल काय बोलायचं ते."

आमच्याकडं खड्ड्यापर्यंत आलेला माणूस माती दिल्याबिगर माघारी जात न्हाई. गावातबी तेच, वस्तीतबी तेच. सेक्रेटरीनं इकडं तिकडं बघितलं. छावणीतली सगळी त्याच्याचकडं बघत होती.
तो वाकला. मूठ भरली. नानांच्या अंगावर सोडली.

मंग आमी सगळ्यांनी दिली.

जाताना गाडीला किक मारत म्हणला, "सोमवारी मिटिंग हाय. ह्यानं काय बदलत न्हाई."

त्याचा माती देतानाचा फोटो माझ्या मोबाईलमधी हाय. कालपासून पोरं म्हणतेत, टाक, व्हायरल कर, जिरव त्याची.
टाकणार न्हाई.
मला नाटक लगेच वळखू येतं, जिंदगी लोकांच्या फिरक्या घेण्यातच गेली. माती सोडताना तो नाटक करत नव्हता.

पण सोमवारी नाटक करंल का? म्हाईत न्हाई.   सोसायटीत मतं त्यांची, ठराव त्यांचा. एका नव्या कबरीनं किती थांबणार हाय?

आपल्या वस्तीतले जे पुण्या-मुंबईला हायत, त्यांनी रविवारच्या गाडीनं निघा. तुमचीबी माणसं हायत इथं. मिटिंगला नुसतं येऊन उभं राहा, बोलायचं मी बघतो.

नाना, दगड आणलाय. चुना सुकला की लावतो.
निवांत पडा. तुमाला उठवायचं म्हणलं तर आधी आमाला उठवावं लागंल.

जय भीम, नाना.