पाराअण्णांचे दोन अंश

पाराअण्णा तापमापक वाचताना श्वास रोखून धरत. आपल्या उच्छ्वासाने पारा चढेल म्हणून! होडीत वाकून, एक डोळा मिटून, गाल फुगवून बसलेला तो पन्नाशी ओलांडलेला माणूस पाहून मला हसू यायचं आणि, खरं सांगायचं तर, पोटातही दुखायचं. मी बीएस्सी, तेही पहिल्या वर्गात. अण्णा सातवी पास. आणि राहुरीजवळच्या आमच्या हवामान केंद्रात कोणीही आलं की पहिला प्रश्न काय, तर "पाराअण्णा कुठायत?"

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. हवामानाचा एक नवा उपग्रह वर गेला होता. पाण्यातून, जमिनीतून निघणारी, डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं टिपून तो तापमान सांगायचा. पण एवढ्या उंचावर गेल्यावर यंत्र खरं बोलतंय की नाही, हे कोण बघणार? तर आम्ही! सकाळी नऊच्या सुमारास तो डोक्यावरून जाई. नेमकं त्याच वेळी मुळा धरणाच्या मधोमध होडी नेऊन पाण्याच्या अगदी वरच्या थराचं तापमान घ्यायचं आणि पुण्याला कळवायचं. तीन दिवस अण्णा, तीन दिवस मी. उपग्रहाचे आकडे दर आठवड्याला पुण्याहून टपालाने येत.

ज्याचं काम चोख त्याला पुण्याच्या कचेरीत घेणार, असं तिथले साहेब म्हणाले होते. मला पुणं हवंच होतं. इतकं, की सासुरवाडीला मी सांगूनही टाकलं होतं.

एकदा वाऱ्यानं होडी भरकटली आणि अण्णांची वेळ टळली. त्यांनी नोंदवहीत सरळ लिहिलं, 'पाहिले नाही'. दहा मिनिटांनी घेतलं असतं तर कोणाला कळणार होतं? मी तसं म्हणालो, तर म्हणतात, "त्यानं वरनं बगितलं तवा आमी बगत न्हवतो. मंग ताडायचं काय, कपाळ?" माझा असा जळफळाट झाला! कारण मी थंडीत होडी बाहेरच काढत नसे. मागच्या आठवड्याचे उपग्रहाचे आकडे बघायचे, थोडं इकडे-तिकडे करायचं आणि खुशाल लिहून टाकायचं.

मग गंमत सुरू झाली. अण्णांचा आकडा उपग्रहापेक्षा दोन अंशांनी कमी येऊ लागला. आठवड्यामागून आठवडे, दोन अंश! माझे आकडे मात्र जवळजवळ जुळत होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "अण्णा, चष्मा बदला आता," मी सगळ्यांदेखत म्हणालो. त्यांनी रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, त्यात तापमापक बुडवला. पारा बरोब्बर शून्यावर. "पारा खरा हाय," ते म्हणाले. "आकडा ह्योच ऱ्हाईल."

शेवटी पुण्याहून साहेब स्वतःचा तापमापक घेऊन आले. अण्णांबरोबर धरणाच्या मधोमध गेले. दोघांचे आकडे एकच! चूक वरच्या यंत्राची होती. मध्येच केव्हातरी बिघडून ते दोन अंश जास्त दाखवू लागलं होतं, आणि आता अण्णांच्या नोंदींवरून त्याला सुधारून घ्यायचं होतं. काठावर उतरल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "मग चुकलेल्या यंत्राशी तुमचे आकडे कसे हो जुळले?"

मी उगाच नोंदवहीची पानं चाळू लागलो. तेवढ्यात अण्णाच बोलले, "सायेब, यांना पवता येत न्हाई. म्याच सांगितलं हुतं, काठावरनं घ्या म्हनून. काठाचं पानी उथळ, गरमच लागतंय."

मला पोहता येत नव्हतं? माझं लहानपण कोल्हारला, प्रवरेच्या डोहात गेलेलं, आणि अण्णांना ते पक्कं ठाऊक होतं! साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत नुसतं "बरं" म्हणाले.

माझी नोकरी वाचली. पुण्याला अर्थातच अण्णा गेले. स्टँडवर मी त्यांची ट्रंक टपावर चढवली आणि विचारलं, "अण्णा, खोटं का बोललात?"

"तुमच्या घरात पाळना हलायचाय," ते म्हणाले. "उद्यापास्नं मधोमध जायाचं. लई झाला काठ."

दुसऱ्या दिवसापासून मी मधोमध गेलो, आणि निवृत्त होईपर्यंत चोख आकडे लिहिले. तेवढं मला शिकता आलं. पण आपल्याला पाण्यात पाहणाऱ्या माणसासाठी, क्षणाचाही विचार न करता, तसं खोटं बोलणं मला जन्मात जमलं नाही. अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्या एका गोष्टीसाठी मी अजून त्यांच्यावर जळतो.