नुसते ओठ हलवायचे

घनसावंगीची सत्यशीला गायला शिकली ती वडिलांच्या गायन पार्टीत. जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतं गात ती पार्टी फिरायची. सत्यशीला कोरसला उभी राहायची आणि धाकटा भाऊ धम्मपाल ढोलकीवाल्याच्या मागं झोपून जायचा. वडील गेले, पार्टी मोडली. पुढं धम्मपाल संभाजीनगरच्या कॉलेजातून गिटार शिकून आला आणि बहीणभावांनी दोघांचाच बँड काढला. नाव ठेवलं 'बांधावर'. चाल वडिलांची, शब्द कापूस वेचणाऱ्या बायांचे, गिटार धम्मपालची आणि त्यावर सत्यशीलाचा उंच, धारदार आवाज. गाणी मोबाइलवरून लांबलांब पोचली. सत्यशीला शाळेत शिक्षिका होती; वर्गात गेली की पोरं तिला आधी गाणंच म्हणायला लावायची.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरात पेढे वाटले. पण शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं तर तोंडातून नुसती हवा आली.

"नस दुखावलीय. येईल आवाज हळूहळू," डॉक्टर म्हणाले. किती येईल, ते काही बोलले नाहीत.

बोलणं परतलं, पण घोगरं. वरचा सूर लागेना. हजेरी घेताना मागच्या बाकापर्यंत नाव पोचेना.

अशात पुण्याहून बोलावणं आलं. नव्या गायकांची तिथल्या श्रोत्यांशी ओळख करून देणारा कार्यक्रम होता. धम्मपालनं बहिणीला न विचारताच होकार कळवला.

"ताई, तुह्या आवाजातला ट्रॅक हाये ना आपल्याकडं. तो लावू. तू नुसते ओठ हलव."

"अन् लोकाला काय सांगायचं?"

"काहीच सांगायचं न्हाई. एकदा न्हाई म्हणलं की पुन्हा बोलावतेत का कोणी?"

सत्यशीलानं होकाराची मान हलवली. या गाण्यांपायी त्यानं हातातली नोकरी सोडली होती, हे ती कसं विसरणार?

तालीम सुरू झाली. ट्रॅक लागला आणि तिचाच जुना आवाज खोलीभर घुमला. ती ओठ हलवत राहिली. तेवढ्यात आई, पुष्पाबाई, पिठाचे हात तसेच घेऊन चुलीपासून धावत आली.

"आला का गं माय आवाज?"

धम्मपालनं ट्रॅक बंद केला. पुष्पाबाईनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा त्या डब्याएवढ्या स्पीकरकडं, आणि आत गेली. तिची भाकरी करपल्याचा वास आला.

पुण्यात पडद्यामागं उभं असताना सत्यशीलानं भावाचा हात धरला. "धम्मा, ट्रॅक लावू नको. मला जमायचं न्हाई."

"आत्ता सांगतीस?" त्याचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली आणि त्या घोगऱ्या आवाजातच म्हणाली, "माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. आज भाऊ म्हणेल. मी खंजिरीवर साथ करते."

धम्मपाल तिच्या पट्टीत गायला आणि वरच्या ओळीला त्याचा आवाज फाटला. पुढच्या रांगेतली माणसं चुळबुळली, काही चहाला उठली. टाळ्या पडल्या त्या दयेच्या. कार्यक्रमाचे व्हिडिओ आले तेव्हा त्यात 'बांधावर' नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून बसला. जालन्याच्या स्टँडवर घनसावंगीची गाडी शोधताना मात्र भडकला. "सगळं मातीत घातलंस, ताई."

"तूबी मला कुठं इचारलं व्हतं?"

पुढं कितीतरी दिवस गिटार खिळ्यालाच राहिली.

एका रविवारी त्यानं ती उतरवली, तारा सैल करून पट्टी खाली आणली. "इथं लागतंय का बघ."

सत्यशीलानं खाली, अगदी खाली सूर धरला. मधेच आवाज तुटला. तो आवाज तिला परका वाटला, आवडला तर बिलकुल नाही. धम्मपालनं तारा अजून थोड्या उतरवल्या आणि कडवं पहिल्यापासून धरलं.